बीपी वाढलंय; कळा आणायच्या की सिझर? ठरवताना या चुका टाळा

नववा महिना लागतो न लागतो तोच बीपी १४०/९०च्या वर जातं, लघवीत प्रोटीन दिसतं, पायावरची सूज चेहऱ्यावर येते आणि डॉक्टर म्हणतात, "आता फार थांबता येणार नाही." घरच्यांचा प्रश्न तयारच असतो: "नॉर्मल होईल ना? की सिझर?" गोंधळाला सुरुवात इथूनच होते. डॉक्टर 'कधी'बद्दल बोलत असतात आणि घरचे 'कसं'बद्दल विचारत असतात. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते याच क्रमाने घ्यायचे असतात.

गरोदरपणातल्या या बीपीच्या आजारावर, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियावर, खरा उपाय एकच: बाळ आणि वार बाहेर येणं. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहतं, आजार थांबत नाही. म्हणून त्रास सौम्य असेल तर ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर थांबत नाहीत. बीपी १६०/११०ला टेकलं, प्लेटलेट उतरल्या, लिव्हरचे रिपोर्ट बिघडले, तर साधारण ३४ आठवडे झाले की बाळंतपण उरकतात. कधी त्याही आधी, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन. पण यातलं काहीही 'सिझरच करा' असं सांगत नाही. बीपीमुळे झटके येऊन गेलेली बाईसुद्धा मॅगसल्फवर (झटके रोखणाऱ्या इंजेक्शनवर) स्थिर झाली आणि गर्भपिशवीचं तोंड तयार असलं, तर खालून बाळंत होऊ शकते. नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात (लॅन्सेट, २००९) ३६ आठवड्यांनंतर बीपी वाढलेल्या ७५६ स्त्रिया होत्या. निम्म्यांना कळा आणल्या, निम्म्यांची वाट पाहिली. कळा आणलेल्यांमध्ये आईच्या तब्येतीची गुंतागुंत कमी झाली आणि सिझरही वाढली नाहीत. "औषधाने कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं" हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, म्हणून हा अभ्यास लक्षात ठेवा.

सिझर आधीच पक्कं असतं ते निराळ्या कारणांनी: वार गर्भपिशवीच्या तोंडावर आली आहे, बाळ आडवं आहे, आधीच्या सिझरचा गर्भपिशवीवरचा छेद उभा आहे. बाळ पायाळू असेल तरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिझरच करतात. वाढ खुंटलेल्या बाळाच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) नाळेचा रक्तप्रवाह फारच बिघडलेला असेल, तर त्याला कळांचा ताण सोसत नाही. अशा वेळी 'आधी प्रयत्न तर करून बघू' म्हणण्यात अर्थ नाही.

तारखेचा घोळ

३७ आठवडे म्हणताना ते कुठून मोजलेत हे बघा. पाळीची तारीख आणि पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी यांवरून जी तारीख ठरली, ती पुढे बदलत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात मशीन वेगळी तारीख दाखवतं, कारण ते बाळाच्या मापावरून अंदाज करतं आणि बाळ लहान असेल तर तारीखही पुढे सरकते. बीपीच्या आजारात बाळ अनेकदा लहानच राहतं. नवी तारीख धरून "अजून दोन आठवडे आहेत" म्हणत बसणं धोक्याचं. पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

"जेल लावलं, रात्र गेली, काहीच होईना"

सगळ्यात जास्त धीर इथे सुटतो. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की घट्ट, पुढे आहे की मागे, बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींना गुण देऊन बिशप स्कोअर काढतात. १३ पैकी ८च्या वर गुण असतील तर कळा आणणं सोपं जातं. ६ किंवा त्याहून कमी असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं, त्यासाठी जेल, मिसोप्रोस्टॉलची गोळी किंवा फोलीचा फुगा (तोंडात घालून फुगवायची नळी). ३७व्या आठवड्यात पहिलटकरणीचं तोंड बहुतेकदा घट्टच असतं. म्हणजे पहिला सबंध दिवस नुसत्या तयारीत जाऊ शकतो. तो वाया गेलेला दिवस नव्हे.

पाणी फोडून सलाईनमधून कळा आणणारं ऑक्सिटोसिन चालू केल्यावर निदान १२ ते १८ तास झाले आणि तरीही तोंड उघडायला लागलं नाही, तर 'कळा आणणं फसलं' म्हणायचं. एवढी वाट पाहायची तीही आई आणि बाळ दोघं ठीक असतील तरच. ४ सेंटिमीटरवर अडकलं म्हणून घाई करायची गरज नाही. अलीकडे ६ सेंटिमीटरनंतरच खऱ्या वेगाची अपेक्षा धरतात. नातेवाईक बाहेर बाकावर बसून तास मोजतात, आत जाऊन "आता कापाच हो, पोरीचे हाल बघवत नाहीत" म्हणतात आणि डॉक्टरही माणूसच असतो. हाल कमी करायला एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, आहे. ते आपल्या हॉस्पिटलात मिळतं का, हे आधी विचारा.

याच्या उलट चूकही घडते. बाळाचे ठोके पडताहेत, बीपी औषधांना जुमानत नाही, डॉक्टर सिझर म्हणतात आणि घरचे फोनवर मामांना, मग मामांच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारत सहीसाठी अर्धा तास लावतात. या अर्ध्या तासाची भरपाई होत नाही. कोणत्या कारणासाठी बेत बदलायचा आणि सही कोण करणार, हे कळा सुरू होण्याआधीच बोलून ठेवा. बाई शुद्धीत असेल तर सहीचा पहिला हक्क तिचा, हेही घरात एकदा स्पष्ट झालेलं बरं.

आधीचं सिझर असेल तर

पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं नाही. ते फक्त जुन्या डिस्चार्ज कार्डावर कळतं आणि नेमकं तेच कार्ड सापडत नाही. छेद आडवा आणि खालचा असेल, आधीचं कारण आता नसेल, तर नॉर्मलचा प्रयत्न सुमारे चारपैकी तिघींचा यशस्वी होतो. आपोआप कळा आल्या तर जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एक, औषधाने आणल्या तर दोन ते तीन पट. मिसोप्रोस्टॉल अशा बाईला देत नाहीत. म्हणून आधीचं सिझर कधीही लपवू नका. दुसरीकडे, 'एकदा सिझर म्हणजे पुढेही सिझर' म्हणताना पुढच्या मुलाचाही विचार हवा. वार खाली असेल, तर ती जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता दुसऱ्या सिझरच्या वेळी सुमारे ११ टक्के, तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के.

सोनोग्राफीवरच्या एका ओळीने घाबरणं

गळ्याभोवती नाळ हे सिझरचं कारण नाही. चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्यात ती असतेच. सोनोग्राफीवरचं वजन १०-१५ टक्के इकडचं तिकडे होतं. आईला मधुमेह असेल तर अंदाजे वजन साडेचार किलोच्या पुढे गेल्यावर सिझरचा विचार करतात. साडेतीन किलोच्या बाळाला 'फार मोठं' म्हणून थेट टेबलावर नेत असतील, तर कारण विचारायला लाजू नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आणि सरकारीत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. तेव्हा शंका येणं साहजिक आहे. फक्त ती मनात ठेवून कुढू नका, समोर विचारा: आत्ताच का? दुसरा मार्ग का नाही? दोन दिवस थांबलो तर काय बिघडेल?

मुहूर्त

सिझर ठरलंच असेल तर दिवस बघायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अमावास्या टाळण्यासाठी किंवा अक्षय्य तृतीया गाठण्यासाठी आठवडा मागे ओढण्याला. केंब्रिजमधल्या १९९५च्या अभ्यासात, कळांआधी सिझर केलेल्या बाळांना श्वासाचा त्रास ३७व्या आठवड्यात हजारी ७४, ३८व्यात ४२ आणि ३९व्यात १८ जणांना झाला. बीपीसारखं कारण असेल तर ३७व्या आठवड्यातला हा धोका आपण पत्करतो. पंचांगासाठी कशाला पत्करायचा? आणि बीपी भडकलं असताना चांगल्या दिवसासाठी दोन दिवस थांबणं तर त्याहून वाईट.

माहेरचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक तालुक्याला येते, फाइल पुण्यात राहते आणि नव्या डॉक्टरांना आधीचं बीपी माहीतच नसतं. गुंतागुंत नसेल तर हे खपतं. बीपी वाढलेलं असेल तर मात्र कळा आणायच्या की सिझर, हे कागदावर ठरण्याआधी त्या गावातच अर्धं ठरून जातं. भूलतज्ज्ञ रात्री किती वेळात येतात, रक्त कुठून आणायचं, लहान बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे का? भूलतज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर असतील, तर रात्रभर कळांचं सलाईन चालवणं ही जोखीमच. तिथे डॉक्टर दिवसाउजेडी सिझर सुचवतात ते लोभानेच असं नाही. नॉर्मलचा प्रयत्न खरंच करायचा असेल तर मोठ्या ठिकाणी जा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात या सोयी असतात आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत आहेत. आणि घरी दुधातून एरंडेल देऊन कळा आणू नका. उलट्या-जुलाबांनी थकलेल्या, बीपी वाढलेल्या बाईला पुढे सांभाळणं अवघड जातं.

भरतीची तारीख पुढच्या सोमवारची असली तरी डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली उजवीकडे दुखणं, रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं यांपैकी काहीही झालं तर त्याच रात्री निघा. आणि बाळंतपण कुठल्याही मार्गाने झालं तरी बीपीचं यंत्र लगेच कपाटात टाकू नका. बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा चढतं, म्हणजे नेमकं बाळंतीण घरी आल्यावर, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असताना. पहिला आठवडाभर रोज मोजा आणि १५०/१००च्या वर गेलं तर फोन करा.