ट्रॅकसाठीची स्पोर्ट्स कार बुक करताय? ऑप्शन निवडताना या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजमध्ये हल्ली एक नवं काम वाढलंय. गाडी अजून कारखान्यात बनायलाही घेतलेली नसते आणि मालक फोनवर ऑप्शनची यादी घेऊन दारात उभे असतात. "जरा बघा ना, काय घेऊ, काय सोडू?" गाड्या पोर्श ९११ जीटी३ किंवा, ती बनत होती तोवर, केमन जीटी४ अशा जातीच्या. रस्त्यावर चालवायची परवानगी असलेल्या, पण जीव ट्रॅकवर रमणाऱ्या.

यादी हातात घ्यायच्या आधी मी तीन गोष्टी विचारतो. गाडी रात्री कुठे उभी राहणार? वर्षातून किती वेळा ट्रॅकवर जाणार? आणि तिथे पोहोचणार कशी? चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक असो, कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे असो, की ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ठाण्याहून प्रत्येक ठिकाण हजार किलोमीटरच्या पुढे. गाडी तिथे बहुतेक वेळा बंदिस्त ट्रकमधूनच जाते. वर्षातले चार-सहा दिवस ती ट्रॅकवर असते, बाकीचे दिवस घोडबंदर रोड, माजिवड्याचा पूल, पाम बीच रोड आणि सोसायटीचं पार्किंग. ऑप्शन या दोन्ही आयुष्यांसाठी निवडायचे असतात. चुका होतात त्या एकाच आयुष्याचा विचार केल्यामुळे.

"आत्ता राहू दे, नंतर बाहेरून बसवू"

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ती का होते ते मला कळतं. पूर्ण तयार आयात होणाऱ्या, ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी अधिभार, म्हणजे एकूण ११० टक्के लागतात. त्यावर ४० टक्के जीएसटी. तिकडे एक लाखाला असलेला ऑप्शन इथे करांसह २ लाख ९४ हजारांवर जातो. तोच आकडा बघून माणूस रकाना रिकामा ठेवतो.

पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय: उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. कारखान्यातून आलेला रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा धातूचा सांगाडा) हा मूळ रचनेचा भाग असतो, नंतर वेल्डिंग करून बसवलेला नाही. शिवाय काही गोष्टी नंतर बसवणं कागदावर शक्य असलं तरी तारा, नळ्या, सॉफ्टवेअर, सगळं उघडावं लागतं. म्हणून यादीचे सरळ दोन भाग करा. पुढची लिफ्ट (बटण दाबल्यावर गाडीचं नाक उचलणारी यंत्रणा), ब्रेकचा प्रकार, सीट, केज, पेट्रोलची टाकी, गिअरबॉक्स हे आत्ताच ठरवायचं. पीपीएफ (रंगावरची पारदर्शक संरक्षक फिल्म), ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायरचा दुसरा सेट, जादा लिप (पुढच्या बंपरखालची कड) हे सगळं गाडी आल्यावर इथे होतं. पैसे कमी पडत असतील तर दुसऱ्या भागातलं पुढे ढकला, पहिल्यातलं नको.

लिफ्टला चैन समजणं

"ट्रॅकवर लिफ्टचा काय उपयोग? उगाच वजन." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधी पुठ्ठा काढतो.

खरंच पुठ्ठा. कासारवडवलीच्या एका सोसायटीत आम्ही हे केलं होतं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचं नाक मोजलं: पुढच्या चाकाच्या टेकणीपासून लिपच्या खालच्या कडेपर्यंत किती लांब आणि किती उंच. त्या मापाचा जाड पुठ्ठा कापला आणि तळघराच्या उतारावर गुडघ्यावर बसून हळूहळू खाली सरकवत नेला. मालकांचा मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून बाजूला. उतार संपून जमीन सपाट होते तिथे पावसाच्या पाण्याची लोखंडी जाळी होती. पुठ्ठ्याचं टोक बरोबर तिथे टेकलं. दोन बोटांचा फरक होता. लिफ्ट नाक साधारण ३० ते ४० मिलिमीटर उचलते, म्हणजे जवळपास तेवढाच. मालक शांतपणे म्हणाले, "लिहा ती लिफ्ट."

स्पीडब्रेकरचंही तसंच. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, पसरट असायला हवा. तसा असेल तर ही गाडी सावकाश ओलांडते. पण गल्लीतला अरुंद, उभा उंचवटा, पेव्हर ब्लॉक खचून झालेली पायरी, रस्त्याच्या वर आलेलं चेंबरचं झाकण, यांच्यासमोर लिफ्टशिवाय पर्याय नाही. आणि ही गाडी विकायची वेळ आली तर पुढचा माणूसही मुंबई-पुण्याच्याच रस्त्यांवरचा असतो. तो पहिला प्रश्न लिफ्टचाच विचारतो.

स्टॅक पार्किंग (ट्रेवर एकावर एक गाड्या ठेवणारं) असेल तर तिथेही हाच पुठ्ठा लावून बघा. ट्रेच्या कडेचा उंचवटा आणि ट्रेची रुंदी, दोन्ही. जीटी३ आरशांशिवायच १.८५ मीटर रुंद आहे.

पिवळ्या कॅलिपरच्या मोहात सिरॅमिक ब्रेक घेणं

पोर्शच्या सिरॅमिक ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, सहसा पिवळा असतो. हे ब्रेक उत्तम आहेत. डिस्क लोखंडी डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाची, चाकांवर काळी पूड कमी, आणि आपल्या पावसाळ्यात गंज नाही. जो माणूस गाडी मुख्यतः रस्त्यावर चालवणार आणि वर्षातून एखादा दिवस ट्रॅकवर हौस करणार, त्याने जरूर घ्यावेत.

पण जो खरोखर ट्रॅकवर जाणार आहे, त्याला मी लोखंडीच सांगतो. बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराची सरळ संपल्यावर ब्रेक मारता तेव्हा जी उष्णता तयार होते, ती फेरीमागून फेरी सिरॅमिक डिस्कमधला कार्बन जाळत जाते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. जाडी तशीच राहते, वजन कमी होतं. डिस्कवरच किमान वजन लिहिलेलं असतं, त्याखाली गेली की ती बाद. आणि चार डिस्कचा खर्च ऐकून भले भले खुर्चीत मागे टेकतात. लोखंडी डिस्क झिजली की दिसते, बदलता येते, आणि महिनाभर ट्रॅकवर घातला तरी पोटात गोळा येत नाही.

एक गोष्ट मला अजून छळते. सीवूड्सच्या एका गृहस्थांची सिरॅमिक ब्रेकवाली जीटी४, हवा कमी झाली म्हणून रस्त्यालगतच्या एका टायरवाल्याकडे उतरवली गेली. या ब्रेकसाठी चाक काढताना बोल्टच्या जागी दोन लांब गाइड पिना लावायच्या असतात, म्हणजे चाक सरळ बाहेर येतं. त्या लावल्या नाहीत. चाक निसटलं आणि रिमची कड डिस्कवर आपटली. आमच्याकडे आली तेव्हा मी कडेवरून बोट फिरवलं: नखाएवढा तुकडा उडालेला, आतला काळा, खरखरीत थर उघडा. त्या टायरवाल्याला दोष कसा द्यायचा? त्याने आयुष्यात अशी डिस्क पाहिली नव्हती. सिरॅमिक घेणार असाल तर त्या दोन पिना पुढच्या डिकीत ठेवा आणि चाकाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला दाखवा.

जीटी३ च्या चाकाला तर मधोमध एकच नट असतो आणि तो ६०० न्यूटन मीटरने आवळायचा असतो. जीटी४ च्या बोल्टला १६० लागतात. तेवढा मोठा टॉर्क पान्हा आपल्या भागात कोणाकडे आहे, हे गाडी यायच्या आधी शोधून ठेवा.

वजन कमी करण्याच्या नादात एसी आणि रिमचा बळी देणं

काही ट्रॅक गाड्यांत एसी न घेण्याची मुभा असते. ठाण्यात ती घेऊ नका. प्रश्न फक्त मे महिन्यातल्या घामाचा नाही. जुलैत काचेवर आतून धुकं धरतं, ते एसीच हवेतली ओल काढून साफ करतो. पावसात गायमुखच्या चढावर समोरचं दिसेनासं होणं हा धोका आहे, आणि दहा-पंधरा किलो वाचवण्यासाठी तो पत्करायचा नाही. वजनच कमी करायचं असेल तर टाकी भरण्याची सवय बदला. ट्रॅकवर सव्वीस लिटर पेट्रोल कमी नेलंत तर एकोणीस किलो वाचले. २०२१ च्या जीटी३ मध्ये ६४ लिटरची टाकी आणि ९० लिटरची ऐच्छिक, यांतला फरक नेमका तेवढाच. मोठी टाकी घेतली म्हणून ती दर वेळी काठोकाठ भरायलाच हवी असं नाही, आणि लांबच्या प्रवासात ती उपयोगी पडते.

मॅग्नेशियमच्या रिम खाडीकाठी राहणाऱ्यांनी विचार करून घ्याव्यात. खारी, दमट हवा या धातूला मानवत नाही. लेप जिथे सोलवटतो तिथून तो खायला लागतो.

सीट आणि केज न बसता निवडणं

बकेट सीटमध्ये शोरूमला दोन मिनिटं नाही, अर्धा तास बसा. स्वतःचं हेल्मेट घालून बसा. पाठ मागे कलत नाही, कडा उंच असतात. घरात आई-वडील या गाडीत बसणार असतील तर त्यांनाही घेऊन जा. मांडीच्या बाजूच्या कडेवरून पाय काढताना गुडघा दुखतो का, ते तिथेच कळेल. केज आणि सहा पॉइंटचा पट्टा खऱ्या ट्रॅकवाल्याने घ्यावा, पण तो पट्टा हेल्मेट आणि मानेच्या आधारासह वापरायचा असतो. रस्त्यावर नेहमीचा तीन पॉइंटचाच लावा.

टायर: एकाच सेटवर भागवणं. मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ सारखे टायर कोरड्या, तापलेल्या ट्रॅकसाठी आहेत. साचलेल्या पाण्यात ते लवकर तरंगायला लागतात. जून ते सप्टेंबरसाठी साधा, खोल नक्षीचा दुसरा सेट ठेवा.

चूक होऊन गेली असेल तर

लिफ्ट नसेल तर उंचवटे तिरके ओलांडा, उतारासाठी दोन लाकडी फळ्या ठेवा, आणि जीटी३ ची काळी प्लास्टिकची लिप ही बदलायचीच वस्तू आहे असं समजून जादा आणून ठेवा. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला ब्रेक पेडल मऊ लागलं तर कॅलिपर बदलायचा विचार नंतर. आधी ब्रेक ऑइल. साध्या डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश असतो, ओल शोषल्यावर १५५. आपल्या दमट हवेत ते ओल शोषत राहतं. ट्रॅकला जायच्या आठवड्यात ते बदला, आणि डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं.

लोखंडी डिस्क पावसात एका रात्रीत तांबूस होतात. घाबरू नका, चार वेळा हलका ब्रेक मारला की स्वच्छ होतात. महिनाभर उभी ठेवू नका एवढंच.

विम्याकडेही बघा. इथल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ऑप्शनची किंमत आयडीव्हीत (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत) धरली आहे का, ते पहिल्याच वर्षी तपासा.

आणि बुकिंगचा कागद. कासारवडवलीच्या त्या गृहस्थांनी लिफ्ट निवडली होती, पण ऑर्डर पक्की होण्याच्या आधी आलेल्या यादीत तिचा कोड नव्हता. आम्ही दोघांनी एकेक ओळ मोठ्याने वाचली म्हणून सापडलं. त्यांनी त्याच दिवशी लेखी दुरुस्ती करून घेतली. गाडी आली त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. उताराच्या तळाशी थांबले, बटण दाबलं, आणि नाक त्या जाळीवरून न टेकता पार झालं.