धावत्या गाडीचा फोटो: आधी जागा, मग शटर

प्रवासी गाडी समोरून जाते ती काही सेकंदांत. तेवढ्यात फक्त बटण दाबता येतं. बाकीचं सगळं गाडी दिसायच्या आत उरकलेलं असावं लागतं. म्हणून निदान अर्धा तास आधी पोहोचा.

सगळ्यात जास्त वेळ जागेवर घालवा. रूळ कोणत्या दिशेला जातात ते नकाशावर पाहा आणि त्या वेळी सूर्य कुठे असेल ते ॲपवर ताडून घ्या. तिरक्या फोटोत इंजिनाचं तोंड आणि डब्यांची बाजू दोन्ही दिसतात. दोन्हींवर ऊन हवं असेल तर सूर्य तुमच्या पाठीमागे, पण रुळांशी तिरका हवा. रुळांशी काटकोनात असला तर बाजू उजळते आणि तोंड काळवंडतं. रुळांच्या रेषेत असला तर नेमकं उलट. सूर्य डोक्यावर असला की चाकं सावलीत बुडतात, आणि तापलेल्या खडीवरून उठणाऱ्या हवेमुळे टेलिफोटोचे (दूरचं जवळ आणणाऱ्या लांब लेन्सचे) फोटो थरथरल्यासारखे दिसतात. हा दोष कोणत्याही फोकसने सुटत नाही. सकाळी लवकर या, नाहीतर कमी झूमची लेन्स लावून गाडी जवळ येऊ द्या.

मग रिकाम्या रुळांचा एक फोटो काढा. विजेचा खांब इंजिनाच्या तोंडाला चिकटणार का, कुठल्या झाडाची सावली आडवी पडते, पँटोग्राफसाठी (तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्यासाठी) वर जागा उरते का, हे त्यात कळतं. बहुतेक वेळा एखादं पाऊल सरकलं की खांबाची अडचण सुटते. वळणाच्या आतल्या बाजूने शेवटच्या डब्यापर्यंत गाडी दिसते.

जागा फलाटावरची, पुलावरची किंवा कुंपणाबाहेरचीच निवडा. रुळांवर किंवा रुळांलगत कधीच नाही. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. विजेवरच्या गाडीचा आवाज उशिरा कळतो, आणि एक गाडी टिपत असताना दुसऱ्या रुळावरून आलेली लक्षातही येत नाही. फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागेच राहा. कित्येक मार्गांवर ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात आणि प्रत्यक्ष स्पर्श न होताही वीज झेप घेते, म्हणून पुलावरून ट्रायपॉड किंवा सेल्फी स्टिक बाहेर काढू नका. फोटोचे नियम प्रत्येक रेल्वेचे वेगळे असतात. ते आधी वाचा. कर्मचाऱ्याने थांबायला सांगितलं तर थांबा.

आता शटर, म्हणजे फोटोसाठी कॅमेऱ्यात उजेड किती वेळ येऊ द्यायचा ते. १०० च्या वेगाला १/२५० सेकंदात गाडी ११ सेंटिमीटर पुढे सरकते, १/१००० मध्ये तीनहून कमी. तिरकी येणारी गाडी १/८०० ते १/१००० ला स्थिर मिळते. काटकोनात जाणाऱ्या गाडीला १/२००० लागतं. ॲपर्चर (लेन्सचं उघडं छिद्र) एफ/५.६ ते एफ/८ ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) गरजेपुरता वाढवा. एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) मॅन्युअलवर आधीच ठरवा, कारण समोरचे हेडलाइट पाहून कॅमेरा फसतो आणि अख्खा फोटो काळा करतो. फोकसही जिथे इंजिन हवं तिथल्या रुळांखालच्या स्लीपरवर (आडव्या पट्टीवर) धरून कुलूपबंद करा. इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, त्यात डबे वाकडे कललेले येतात. गाडीवरची एलईडी पाटी वाचता यावी असं वाटत असेल तर १/१२५ च्या आसपास उतरा. वेगवान शटरला अर्धी अक्षरं गायब होतात. पण १/१२५ थांबत आलेल्या गाडीलाच जमतं.

पॅनिंगला, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा वळवत फोटो काढायला, १/३० ते १/६० पुरे. पाय रोवून कंबरेतून वळा आणि बटण दाबल्यावरही वळत राहा. लांब गाडीचा एकच भाग स्पष्ट येईल, कारण कॅमेऱ्यातून गाडीचा प्रत्येक भाग वेगळ्या गतीने सरकतो. म्हणून इंजिनाचं तोंड धरा.

स्थानकाच्या आत १६ ते २४ मिलिमीटरची लेन्स लागते. कॅमेरा सपाट धरा, वर झुकवला की खांब आत कलंडतात. छताच्या काचेतून येणारा उजेड फोटोत नुसता पांढरा पडू नये म्हणून एक्स्पोजर तिथलं घ्या आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून सावल्या नंतर उजळा. संध्याकाळची उत्तम वेळ सूर्यास्तानंतरची २०-३० मिनिटं: आकाश निळं असतं आणि दिवे लागलेले असतात. ट्रायपॉडला बंदी असेल तर खांबाला टेका द्या. आधार पक्का असेल तर निघणाऱ्या गाडीला ४ ते ८ सेकंद द्या, खिडक्यांच्या उजेडाच्या रेषा उमटतात. फ्लॅश कधीही नको, चालकाचे डोळे दिपतात.

गाडी क्रमांक, इंजिन क्रमांक, जागा आणि दिशा त्याच दिवशी फाइलच्या माहितीत भरा. इंजिनांचे रंग बदलतात, डबे मोडीत निघतात, आणि मग नोंद नसलेला फोटो ओळखणं फार अवघड होतं. थांबलेल्या गाडीच्या क्रमांकाची पाटी एका वेगळ्या फोटोत टिपून ठेवली की नोंद चुकत नाही.