पेटंटचा अर्ज करताना या चुका टाळा

आधी अर्ज, मग बोभाटा. पेटंटच्या कामात हा क्रम उलटला की पुढचं सगळं बिघडतं, आणि तरीही तो सर्रास उलटवला जातो. इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्ट स्पर्धेत यंत्र मांडतात, कृषी प्रदर्शनात स्टॉल लावतात, यूट्यूबवर व्हिडिओ टाकतात, पाच-दहा नग विकूनही बघतात आणि मग पेटंट एजंटकडे येतात. तोवर पेटंटला लागणारा नवेपणा गेलेला असतो. पेटंट ऑफिसचा परीक्षक तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध लावतो, आणि ते नियमाला धरूनच असतं.

‘शोध दाखवल्यावर अर्जाला वर्षभराची सवलत असते ना?’ हा प्रश्न ठरलेला. ती सवलत अमेरिकेतली. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिने मिळतात, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधासाठी. कॉलेजचं गॅदरिंग आणि तालुक्याचं प्रदर्शन त्यात आपोआप बसत नाही. म्हणून अर्जाचा क्रमांक हातात येईपर्यंत फोटोसुद्धा बाहेर जाऊ देऊ नका. नमुना बनवून घ्यायचा असेल तर वर्कशॉपला सुट्या भागांची ड्रॉइंग वेगवेगळी द्या, पूर्ण जोडणीचं ड्रॉइंग स्वतःकडे ठेवा आणि गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. ओळखीचा फिटर असला तरी घ्या.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती करणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहतं. तारीख पटकन मिळावी म्हणून दोन पानांचं प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं प्राथमिक वर्णन, टाकून द्यायचं. समजा, ठिबक सिंचनासाठी स्वतःहून साफ होणारा फिल्टर आहे. प्रोव्हिजनलमध्ये लिहिलं, ‘गाळ साचल्यावर आपोआप स्वच्छ होणारा फिल्टर’. नंतर विक्री सुरू झाली. अकराव्या महिन्यात कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे पूर्ण वर्णन, आलं आणि त्यात पहिल्यांदाच खरं तंत्र उतरलं: इनलेट-आउटलेटमधला दाबाचा फरक ०.५ किलोपर्यंत गेला की स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उलटं वाहून जाळी धुतली जाते. आता या क्लेमला (ज्यावर हक्क मागायचा त्या वाक्याला) प्रोव्हिजनलची जुनी तारीख मिळत नाही, कारण कलम ११ प्रमाणे क्लेमचा आधार प्रोव्हिजनलमध्येच सापडावा लागतो. स्प्रिंग, व्हॉल्व्ह, दाब यांचा तिथे उल्लेखच नव्हता. मधल्या काळात विकलेला फिल्टर त्या क्लेमचा नवेपणा मोडतो. अर्ज वेळेत भरूनही शोध हातचा जातो.

हे सगळं कशासाठी, तर दोन संध्याकाळींची मेहनत वाचवण्यासाठी. पैसेही वाचत नाहीत. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे आणि त्यात ३० पानं व १० क्लेम बसतात. पुढे प्रत्येक पानाला १६०, प्रत्येक क्लेमला ३२०. तेव्हा दोन पानं लिहा की अठ्ठावीस, फी तीच. प्रोव्हिजनलमध्येही भागांना क्रमांक दिलेली रेखाचित्रं घाला, मापं एका आकड्यात न देता पल्ल्यात द्या, स्प्रिंगऐवजी वजन किंवा सोलेनॉइड (विजेवर हलणारा भाग) चालत असेल तर तेही लिहा. प्रोव्हिजनलला क्लेम सक्तीचे नाहीत, तरी कच्चे क्लेम लिहून काढावेत. वर्णनात काय राहिलं ते क्लेम लिहिताना लगेच कळतं. आणि प्रोव्हिजनलनंतरचे १२ महिने कॅलेंडरवर टाका. ही मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो.

आधी काय काय झालंय याचा शोध न घेता अर्ज करणारे तर पुष्कळ. इनपास, पेटंटस्कोप आणि एस्पासनेट ही पेटंट शोधण्याची तिन्ही ऑनलाइन साधनं फुकट आहेत. नुसत्या शब्दांवर थांबू नका. जवळचं एक पेटंट सापडलं की त्यावरचा वर्गीकरण कोड उचला (सिंचनाला ए०१जी २५, गाळणीला बी०१डी) आणि त्या कोडने पुन्हा शोधा. ओळखीच्या भागांत किरकोळ फेरफार पुरत नाही. लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचं १९५१ चं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्दच ठरवलं, कारण ती कारखान्यातली साधी सुधारणा होती. पारंपरिक ज्ञानाचंही तेच. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं १९९५ चं पेटंट रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. त्यामुळे आजीच्या काढ्याचा अर्ज भरण्यापूर्वी कलम ३(पी) वाचा. ॲप काढणाऱ्यांनी ३(के) वाचावं: निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि धंद्याची पद्धत पेटंटयोग्य नाही.

कॉलेजांमध्ये ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणून सत्कार होतात, ते थांबायला हवं. फॉर्म ९ आणि २,५०० रुपये भरले की अर्ज लवकर प्रसिद्ध होतो, एवढाच त्याचा अर्थ. तपासणी झालेलीच नसते. उलट, तुमचा स्वतःचा प्रसिद्ध झालेला अर्ज तुमच्याच पुढच्या सुधारणेच्या आड येतो. डिझाइन नोंदणीलाही पेटंट म्हणू नका. तिने फक्त बाह्यरूपाला संरक्षण मिळतं.

ज्याने शोधात काही केलं नाही त्या विभागप्रमुखाचं नाव शोधक म्हणून घालू नका.

संपर्कासाठी विद्यार्थ्याचा कॉलेजचा ईमेल देऊ नका. पदवी झाली की तो बंद होतो, परीक्षकाचा पहिला अहवाल तिथेच पडून राहतो आणि उत्तराचे सहा महिने निघून जातात.

भारतात राहत असाल तर परदेशात थेट अर्ज करू नका. आधी फॉर्म २५ वर परवानगी घ्या, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा.

अर्जाची तपासणी करा अशी मागणी करणारा फॉर्म १८ आपोआप भरला जात नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्याची मुदत ४८ ऐवजी ३१ महिने आहे, आणि ती पहिल्या तारखेपासून, म्हणजे प्रोव्हिजनलपासून मोजतात. व्यक्तीला फी ४,००० रुपये. कम्प्लीट स्पेसिफिकेशनबरोबरच तो भरून टाकावा.