जेन ऑस्टेन सिलॅबसला आहे? आधी पैशाचे आकडे बघा

एमए इंग्लिशला मराठी मिडीयममधून आलेल्या बऱ्याच जणांना इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टेन वाचताना वाटतं की यात घडतंय काय, नुसते नाच नि लग्नाच्या गप्पा. माझा अनुभव सांगते, कोणाकडे वर्षाला किती पाउंड येतात हे बघत वाचलं की सगळं लख्ख कळायला लागतं.

सुरुवात तिच्या सेन्स अँड सेन्सिबिलिटी या कादंबरीच्या दुसऱ्या चॅप्टरपासून करा. बाप मरताना मुलाला सांगून गेलाय की सावत्र आई आणि बहिणींकडे बघ, मुलगा ठरवतो तिन्ही बहिणींना हजार-हजार पाउंड द्यायचे, मग बायको बोलायला लागते आणि हजाराचे पाचशे होतात, मग तेही नको, आईलाच वर्षाला शंभर देऊ, मग तेही नको, अधूनमधून पन्नास, आणि शेवटी मदत म्हणजे काय तर सामान हलवायला हात लावायचा नि सीझनला मासे पाठवायचे. आवाज कोणी चढवत नाही. घरात वाटणी बघितलेल्या माणसाला याच्यावर नोट्स लागत नाहीत हो!

हे ऑस्टेनने बाहेरून बघून लिहिलेलं नाही. वडील हॅम्पशायरमधल्या स्टीव्हन्टनचे पाद्री, ते 1805 मध्ये गेले आणि आई, बहीण कसँड्रा नि जेन भावांच्या मदतीवर आल्या. श्रीमंत नातेवाईकांकडे दत्तक गेलेल्या भावाने, एडवर्डने, 1809 मध्ये चॉटनचं घर राहायला दिलं, तिथे बस्तान बसल्यावर 1811 ला पहिलं पुस्तक छापून आलं, तेही नाव न घालता, ‘बाय अ लेडी’ म्हणून. प्राइड अँड प्रेज्युडिसचा कॉपीराइट तिने 110 पाउंडला विकला. 1817 ला 41व्या वर्षी गेली, विंचेस्टर कॅथीड्रलमधल्या तिच्या थडग्याच्या मूळ शिळेवर कादंबऱ्यांचा उल्लेखसुद्धा नाही, मला याचं फार वाईट वाटतं.

पेपरला फ्री इनडायरेक्ट डिस्कोर्स हमखास येतो. त्यासाठी तिची एमा ही कादंबरी घ्या आणि पेन्सिलने खुणा करत जा, वाक्य निवेदकाचं दिसतंय पण विचार एमाचा आहे, असं कुठे कुठे होतं ते. गाइडमधली व्याख्या पाठ करण्यापेक्षा स्वतः शोधलेली दोन वाक्यं उत्तरात टाका.

आणि चरित्रावर लिहिताना टॉम लफ्रॉय या तरुणाबरोबरची तिची प्रेमकहाणी रंगवू नका, कसँड्राने बरीच पत्रं जाळून टाकलीत, त्यामुळे उरलेल्या पत्रांत जेवढं आहे तेवढंच लिहायचं.