बॉक्सर पाळताय? या चुका टाळा

रुंद छाती आणि काळं तोंड पाहून अनेक जण बॉक्सर जातीचा कुत्रा राखणीसाठी आणतात आणि गेटपाशी साखळीला बांधतात. पहिली चूक इथेच होते. हा कुत्रा माणसांत रमणारा. एकटा पडला की भुंकतो, दार कुरतडतो, अंगण उकरतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. त्याची जागा घरातच, माणसांजवळ.

जिवावर बेतणारी चूक मात्र उन्हाची. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आखूड नाकाच्या बॉक्सरला नेमकं तेच नीट जमत नाही. त्यात खेळाच्या भरात तो स्वतःहून थांबत नाही, त्याला आपणच थांबवावं लागतं. नागपूरचा मे सोडाच, कोकणातली दमट दुपारही घातक. फिरवायचं ते पहाटे किंवा रस्ता निवल्यावर. मोठ्या आवाजात धाप, लालभडक हिरड्या, चिकट लाळ, झोक जाणं दिसलं तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नका. जेवण दोन-तीन वेळांत विभागून द्या. उमासे येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट ताठ झालंय, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. घरगुती उपायांत वेळ घालवू नका, रात्र असली तरी निघा.

खेळताना चक्कर येऊन पडला तर ‘दमला असेल’ म्हणून सोडू नका. या जातीत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार आढळतो, ईसीजी करून घ्या. पिल्लू घेतानाही आईवडिलांची हृदयतपासणी झाली आहे का, हे विचारा. अंगावर गाठ आली तर डॉक्टरांकडून सुईने नमुना काढून तपासून घ्या, कारण यांच्यात कर्करोगाच्या गाठी बऱ्याचदा होतात.

अंगावर उड्या मारतो ही तक्रार घरोघरी. ढकललं, ओरडलं की त्याला तो खेळच वाटतो. पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर टेकले की लाड करा. आजी-आजोबांसकट सगळ्यांनी हाच नियम पाळायचा. तीस किलोचा कुत्रा आजींना सहज पाडू शकतो, म्हणून ही सवय पिल्लू असतानाच लावा.