पियानोवर पुढचा पीस निवडताना या चुका टाळा

'फ्यूर एलिझ'ची पहिली ओळ कीबोर्ड घेतलेल्या बहुतेकांना येते. पूर्ण पीस वाजवणारे मात्र शोधावे लागतात. ओळखीच्या धुनीच्या मधे बेथोव्हेनने दोन वेगळे भाग घातलेत. एकात उजवा हात एकदम पळायला लागतो, दुसऱ्यात डाव्या हाताने खालचा एकच स्वर पुन्हापुन्हा वाजवत राहायचा असतो. गाडी अडते ती तिथेच. सुरुवातीला भुलून पीस निवडणं, ही सगळ्यात मोठी चूक.

त्यामुळे नवीन पीस हाती आला की आधी त्यातलं स्वरांच्या गर्दीने सगळ्यात काळंकुट्ट दिसणारं पान उघडा. त्यातले चार बार (उभ्या रेघांमधले तालाचे खण) एकेका हाताने, सावकाश वाजवून बघा. आठवडाभरात अर्ध्या वेगातही जमले नाहीत, तर पीस तूर्त कपाटात. बेथोव्हेनच्याच 'मूनलाइट' सोनाटाची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, आली म्हणून तिसरीवर उडी मारणाऱ्यांनी हे जरूर करावं.

पेटीवरून आलात?

आपल्याकडे अनेकजण पेटी वाजवून पियानोकडे वळतात. स्वरज्ञान पक्कं असतं, उजवा हात तयार असतो. पण डाव्याने आयुष्यभर भाता मारलेला! शिवाय पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज ठरतो तो भात्यावर. पियानोवर प्रत्येक स्वराचं वजन बोटाने द्यायचं. म्हणून शोपँचा ई मायनर प्रिल्यूड (ओपस २८, क्र. ४; ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) कागदावर सोपा दिसला तरी अशा हाताला फसवतो. डाव्या हातातले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, जरा जड झाले की वरची धून बुडालीच.

अशा वेळी बाखकडे जावं. पत्नी आना माग्डालेना हिच्यासाठी १७२५ मध्ये सुरू केलेल्या वहीतले मिन्युएट (छोटे नृत्याचे तुकडे) घ्या. त्यातला जी मेजरमधला सगळ्यांना ठाऊक असलेला मिन्युएट खरं तर पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचा आहे, पण वाजवायला उत्तम. डाव्या हाताला तिथे स्वतःची चाल असते, नुसती साथ नसते. मग छोटे प्रिल्यूड, आणि त्यानंतर बाखचीच दोन आवाजांची, म्हणजे दोन हातांच्या दोन स्वतंत्र चालींची, १५ इन्व्हेन्शन्स. ही वाट कंटाळवाणी वाटेल, पण डावा हात सुटतो तो इथेच.

मोझार्टचा के. ५४५ सोनाटाही असाच चकवतो. १७८८ सालच्या या सोनाटाची नोंद खुद्द मोझार्टनेच 'नवशिक्यांसाठी' अशी केली आहे. मात्र पाचव्या बारपासून स्केल्स सुरू होतात आणि एक बोट जरी लंगडलं तरी पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत कळतं. इथे लपायला स्वर लांबवणारं पायाखालचं पेडलही कामाचं नाही.

ग्रेडची शिडी

पाचवी झाली, आता सहावी. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल परीक्षेचे तीन पीस वर्षभर घोटायचे आणि निकाल लागला की विसरायचे. नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून रोज अर्धा तास मिळणाऱ्याचं वर्ष त्यात संपतं, आणि पाहुणे आले की वाजवायला काही नसतं. एक अवघड पीस जरूर घ्या, पण त्याच्या जोडीला दोन ग्रेड खालचे, पंधरा दिवसांत बसतील असे पीस हवेतच. शूमनच्या ओपस ६८ ('अल्बम फॉर द यंग') मध्ये असे ४३ तुकडे आहेत, बुर्गम्युलरच्या ओपस १०० मध्ये २५. नाव मुलांचं असलं तरी लाजू नका.

वाद्य काय सांगतं

घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर 'मूनलाइट'च्या दुसऱ्याच बारमधला खालचा बी त्यावर नसतो. पेडल नुसतं चालू-बंद होणारं असेल तर देबुसी लांबच ठेवा, सगळा चिखल होतो. आणि लाकडी पियानो असेल तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पट्ट्या जड पडतात, दाबलेली पट्टी लगेच वर येत नाही. एकच स्वर भराभर वाजवायचा असेल असा पीस त्या दिवसांत सुरू करू नका. उगाच बोटांना दोष जातो. आधी ट्यूनरला बोलवा.