सोलापुरात रुग्मिणीची (एक्झोरा) कोवळी पानं पिवळी पडत असतील तर

समोरासमोर पानं, चार पाकळ्यांच्या नळीदार फुलांचे लाल झुपके, ही रुग्मिणी. माझ्या कुंडीत कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं मात्र ठणठणीत. युरिया झाला, शेणखत झालं, हिराकसही (फेरस सल्फेट, लोहाचं खत) घातलं. जीव मेटाकुटीला आला. नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती, हे लोहाचं दुखणं. चुनखडीच्या काळ्या मातीत हिराकसातलं लोह अडकून बसतं.

आधी काळी माती झटकून पानकुजीचं खत, कोकोपीट भरलं. मग बोअरचं जड पाणी बंद, पावसाचं साठवलेलं सुरू. शेवटी ओल्या मातीत चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं), लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, संध्याकाळी. पाकिटावर बांधणाऱ्या रसायनाचं नाव ‘ईडीडीएचए’ बघूनच घ्या. ‘ईडीटीए’ आपल्या मातीत टिकत नाही. नवी पालवी हिरवी फुटली, शेंड्याला कळ्यांचा गुच्छही धरलाय.